मुलाला काय वाटते?
(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेले भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना तिच्या इतिहासाविषयी, इमारतीविषयी आणि निकालांविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते बोलले जाणे योग्यच आहे. आजचा विषय मात्र कोणत्याही वार्षिक अहवालात नोंदवला जात नाही. तरीही त्याच्यावाचून शाळेचा एकही तास पार पडत नाही. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखण्याची माणसाची जी रोजची रीत आहे, ती म्हणजे हा विषय. या रीतीला काही आधार आहे की ती केवळ एक जुनी सवय आहे, असा प्रश्न गेल्या अर्धशतकात मोठमोठ्या विद्वानांनी विचारला आहे. वरवर पाहता हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या परिषदेतला वाटतो. प्रत्यक्षात तो पालकांच्या आणि शिक्षकांच्या दारात उभा आहे.

कोणत्याही घरातील सकाळचा पहिला अर्धा तास घ्यावा. “त्याला वाटलं, आज सुट्टी आहे.” “तिला ठाऊकच नव्हतं की डबा ओट्यावर आहे.” “रिक्षावाल्या काकांचा समज झाला की मुलं आज येणार नाहीत.” अशी दहा-वीस वाक्ये सहज कानी पडतात. ‘वाटणे’, ‘ठाऊक असणे’, ‘समज होणे’ या गोष्टी कोणी डोळ्यांनी पाहिलेल्या नसतात. त्या हातात धरता येत नाहीत, वजनकाट्यावर ठेवता येत नाहीत. तरीही या शब्दांच्या आधारे घरातील प्रत्येक जण दुसऱ्याच्या वागण्याचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. रिक्षावाल्या काकांचा गैरसमज झाला आहे एवढे कळले की पुढे काय करायचे हे सांगावे लागत नाही.

समज या गोष्टीचे सामर्थ्य किती आहे, हे महाभारतातील द्रोणपर्वाइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसते. द्रोणाचार्य हाती शस्त्र असेपर्यंत अजिंक्य होते. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि अश्वत्थामा मेल्याची आरोळी ठोकली. द्रोणांनी तिच्यावर एकदम विश्वास ठेवला नाही. युधिष्ठिर खोटे बोलणार नाही अशी त्यांची खात्री होती, म्हणून त्यांनी त्यालाच विचारले, आणि त्याच्या उत्तरानंतर शस्त्र खाली ठेवले. पुत्र तर जिवंत होता. मग आचार्यांच्या हातून शस्त्र कशाने गळाले? पुत्राच्या मृत्यूने गळाले म्हणावे, तर तो मृत्यू घडलाच नव्हता. आणि जे घडलेच नाही ते कशाचे कारण होऊ शकत नाही. कारण होती ती केवळ समजूत. तिच्यामागे आणखी एक समजूत होती, ती म्हणजे युधिष्ठिर असत्य बोलत नाही. या दोन समजुती काढून टाकल्या तर त्या प्रसंगाचा अर्थच लागत नाही.

मूल ही रीत केव्हा शिकते, याचा शोध मात्र अगदी अलीकडचा आहे. १९७८ साली डेव्हिड प्रिमॅक आणि गाय वुड्रफ या संशोधकांनी एक प्रश्न मांडला. दुसऱ्याच्याही मनात काही असते, हे चिंपांझीला कळते काय? त्या लेखावर बरीच चर्चा झाली आणि तीतून एक मुद्दा पुढे आला. दुसऱ्याला मन आहे हे कळल्याची खरी कसोटी दुसऱ्याची चुकीची समजूत ओळखण्यात आहे. समजूत बरोबर असेल तर मनाचा विचार न करता, नुसत्या वस्तुस्थितीकडे पाहूनही उत्तर देता येते. समजूत चुकीची असेल तेव्हाच वस्तुस्थिती आणि मन यांची फारकत होते.

१९८३ साली हाइन्त्स विमर आणि योझेफ पेर्नर यांनी ही कसोटी लहान मुलांसाठी तयार केली. त्यांची गोष्ट साधी होती. माक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवतो आणि खेळायला जातो. त्याच्या पश्चात आई त्यातले थोडे वापरून उरलेले दुसऱ्या कपाटात ठेवते. माक्सी परत येतो. तो चॉकलेट कोठे शोधेल? तीन-साडेतीन वर्षांचे मूल बहुधा दुसऱ्या कपाटाकडे बोट दाखवते. चॉकलेट तेथे आहे हे त्या मुलाला माहीत असते, म्हणून माक्सीलाही ते माहीत असणार असे ते धरून चालते. चार-पाच वर्षांच्या सुमारास उत्तर बदलू लागते. माक्सी पहिल्याच कपाटात शोधेल, कारण त्याने ते तेथे ठेवले होते, असे मूल सांगू लागते. बालवाडीच्या त्या वर्षात फार मोठी घटना घडलेली असते. ‘जे आहे’ आणि ‘जे एखाद्याला वाटते’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मुलाला उमगलेले असते. खोटे बोलणे, गुपित राखणे, एखाद्याची गंमत करणे आणि एखाद्याची समजूत काढणे हे सारे यानंतरच धडपणे जमू लागते.

अगदी तान्ह्या बाळांनाही याची चाहूल असते, असा निष्कर्ष काही संशोधकांनी काढला आहे. २००५ साली पंधरा महिन्यांच्या बाळांवर झालेला एक प्रयोग त्यासाठी प्रसिद्ध आहे. पुढे त्यावर मतभेद झाले आणि ते अद्याप मिटलेले नाहीत. मात्र शब्दांत उत्तर देता येईल इतकी ही समज चार वर्षांच्या आसपास पक्की होते, याविषयी फारसा वाद नाही.

१९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी याच धर्तीची कसोटी स्वमग्न मुलांना दिली. वीस मुलांपैकी सोळा मुलांचे उत्तर चुकले. त्यामुळे स्वमग्न मुलांच्या शिक्षणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. जे वागणे पूर्वी हट्ट किंवा उद्धटपणा समजले जाई, त्यामागे निराळी घडण असू शकते हे ध्यानात आले. पुढील काळात याला एक महत्त्वाची पुस्ती जोडली गेली. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही हे जितके खरे, तितकेच इतरांना त्याचे मन कळत नाही हेही खरे. गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो. या पुस्तीचे स्मरण शाळेने सदैव ठेवावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९८१ साली पॉल चर्चलंड या कॅनेडियन तत्त्वज्ञाने एक लेख लिहिला आणि समजूत, इच्छा, श्रद्धा या गोष्टी मुळात अस्तित्वातच नाहीत असे प्रतिपादन केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. माणसे एकमेकांविषयी जे ‘त्याला वाटते’, ‘तिला हवे आहे’ असे बोलतात, तो एक सिद्धान्तच आहे. तो लिहिलेला नसला, तरी त्याचे काम सिद्धान्ताचे आहे, कारण तो वागण्याचे स्पष्टीकरण देतो. आणि सिद्धान्त चुकीचा ठरू शकतो. अठराव्या शतकात पदार्थ जळतो तेव्हा त्यातून फ्लॉजिस्टन नावाचे द्रव्य बाहेर पडते, असे रसायनशास्त्रज्ञ मानत. लाव्हाझिए यांनी ज्वलनात ऑक्सिजनचा वाटा दाखवून दिला, तेव्हा फ्लॉजिस्टनची व्याख्या सुधारण्यात आली नाही. असे काही नसतेच, हे मान्य झाले. मेंदूचे शास्त्र पुरेसे पुढे गेले की समजुतीचेही तसेच होईल, असे चर्चलंड यांचे भाकीत होते.

हे म्हणणे विक्षिप्त म्हणून उडवून लावता येत नाही. माणूस झोपतो का, स्मृती कशी साठते, तान्हे मूल बोलायला कसे शिकते, मानसिक आजार कशाने होतात, या प्रश्नांना रोजच्या मनोव्यवहाराच्या भाषेत उत्तर नाही. ही भाषा हजारो वर्षांत फारशी पुढे गेलेली नाही, असाही चर्चलंड यांचा आक्षेप आहे. आणि काही वेळा या भाषेने माणसांवर अन्यायही केला आहे. अपस्माराच्या रोग्याला पिढ्यान्‌पिढ्या भूतबाधा झालेला माणूस समजले गेले. तो दुसऱ्या कोणाच्या तरी इच्छेने थरथरतो, असे मानले गेले. दोष मेंदूतील विद्युत्-प्रवाहाचा होता. तेथे कोणाचीही इच्छा नव्हती.

शाळेच्या अंगणातही असे उदाहरण आहे. अक्षरे ओळखताना गोंधळणाऱ्या, ओळ वाचताना अडखळणाऱ्या मुलाला ‘आळशी आहे’, ‘मुद्दाम करतो’, ‘अभ्यास नको म्हणून नाटक करतो’ असे म्हटले जाई. या तिन्ही वाक्यांत मुलावर एका इच्छेचा आरोप होता. २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचवला, तेव्हा कित्येक पालकांना कळले की जेथे त्यांना इच्छा दिसत होती तेथे अडचण होती. एवढ्यापुरता चर्चलंड यांचा विजय मान्य करायला हवा. जेथे मनाची भाषा लागू पडत नाही, तेथे ती वापरणे क्रौर्य ठरते. मूल सतत अडखळत असेल, तर तज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही आणि उशीर करण्यात शहाणपण नाही.

पण म्हणून ही भाषाच सोडून द्यावी काय? जेरी फोडर या अमेरिकन तत्त्वज्ञाला हा विचारच भयंकर वाटे. रोजच्या मनोव्यवहाराची भाषा कोसळली, तर मानवजातीच्या बौद्धिक इतिहासात त्याहून मोठा अनर्थ सापडणार नाही, असे त्याचे मत होते. डॅनियल डेनेट याने मधली वाट दाखवली. समजूत ही मेंदूच्या कप्प्यात ठेवलेली वस्तू आहे, असे समजून तिचा शोध घेऊ नये. एखाद्या वस्तूचा गुरुत्वमध्य जसा खरा असतो, तशी ती खरी असते. वस्तू कापून पाहिली तर ‘गुरुत्वमध्य’ नावाचा कण हाती लागत नाही, पण त्याचा विचार न करता गलबत बांधले तर ते उलटते.

पाचवी-सहावीच्या भूगोलातील विषुववृत्ताचा विचार केला तरी हेच दिसते. जमिनीवर अशी रेघ ओढलेली नसते आणि जहाजाला ती ओलांडताना धक्का बसत नाही. म्हणून विषुववृत्त खोटे आहे असे कोणी म्हणत नाही, कारण दिवस-रात्रीचे आणि ऋतूंचे गणित त्याच्याच आधारे जुळते. मुलाची समजूत या अर्थाने खरी आहे. मेंदूत तिचा पत्ता सापडो अथवा न सापडो, तिच्यावाचून मुलाच्या वागण्याचे गणित जुळत नाही.

भारतीय परंपरेत हा विचार फार आधी सुरू झाला होता. सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी दुसऱ्याच्या मनाच्या सिद्धीवर ‘संतानांतरसिद्धी’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचे मूळ संस्कृत हरवले असून तो तिबेटी भाषांतरात टिकून आहे. त्यातील युक्तिवाद असा: स्वतःच्या बोलण्या-वागण्याआधी स्वतःच्या मनात विचार येतो, हे प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे, तसेच बोलणे-वागणे दुसऱ्यात दिसले की त्यामागेही विचार आहे, असे अनुमान करावे. नैयायिकांनी चुकीच्या समजुतीचा असाच बारकाईने विचार केला. उन्हात चमकणारा शिंपला पाहून एखाद्याला ते रुपे वाटते. ही चूक शून्यातून येत नाही. त्याने पूर्वी कोठेतरी खरे रुपे पाहिलेले असते आणि ती आठवण येथे भलत्या जागी बसते. याला त्यांनी अन्यथाख्याती म्हटले. भ्रमाच्या पोटात आधीचे खरे ज्ञान असते, हा या विचाराचा गाभा. प्रत्येक शिक्षकाच्या टेबलावर हे वाक्य असायला हरकत नाही.

याचे कारण वह्यांमध्ये दिसते. दुसरी-तिसरीतले मूल ४२ मधून १७ वजा करते आणि उत्तर लिहिते ३५. लाल पेनाची एक फुली मारून पुढे जाता येते. क्षणभर थांबून पाहिले तर मुलाने काय केले ते कळते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन वजा केले. चारातून एक वजा केला. ‘मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा’ हा त्याचा नियम आहे. तो त्याने शिस्तीने पाळला आहे. पहिलीत एकअंकी वजाबाकी करताना हाच नियम बरोबर होता. शिंपल्यावर रुपे बसले आहे, एवढेच. अशा मुलाला आणखी दहा उदाहरणे दिली तर ते दहाही उदाहरणे तितक्याच शिस्तीने चुकवील. “हे कसं केलंस, सांग बघू” असे विचारले, तर चूक कोठे बसली आहे ते दोन मिनिटांत कळते.

मराठीत मोजणाऱ्या मुलाची आणखी एक अडचण असते. ‘एकोणतीस’ ऐकले की काही मुले ३९ लिहितात, कारण त्यांच्या कानी ‘तीस’ पडलेले असते. ‘त्रेचाळीस’ ऐकून कोणी ३४ लिहिते, कारण उच्चारात तीन आधी येतात आणि लिहिताना चार आधी लिहावे लागतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्न निराळा. मुलाला संख्या ऐकून काय वाटते, याचा विचार करून कोणी पाठ्यपुस्तक रचते, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

झाँ पियाजे यांचे जीवनकार्य अशाच चुकांतून उभे राहिले. १९२०च्या सुमारास पॅरिसमध्ये तरुण पियाजे यांना मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या प्रमाणित करण्याचे काम मिळाले होते. बरोबर उत्तरे मोजण्यापेक्षा मुले चुकीच्या उत्तरापर्यंत कशी पोहोचतात, याचे त्यांना अधिक कुतूहल वाटू लागले. एका वयाची मुले एकाच प्रकारे चुकतात हे त्यांच्या लक्षात आले, आणि मूल म्हणजे कमी माहिती असलेला मोठा माणूस नव्हे, त्याची स्वतःची विचारपद्धती असते, असे त्यांनी पुढे जगाला दाखवले.

नुसते सांगितल्याने समजूत बदलत नाही, हेही संशोधनाने दाखवले आहे. पृथ्वी गोल आहे असे मुलांना सांगितले जाते. पायाखालची जमीन तर सपाट दिसते. दोन्ही खरे मानायचे कसे? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात काही मुलांनी पृथ्वी थाळीसारखी गोल मानली, काहींनी ती आतून पोकळ मानून माणसांना आत बसवले, तर काहींनी दोन पृथ्व्या कल्पिल्या: एक राहण्याची सपाट आणि एक आकाशातील गोल. हैदराबादमधील मुलांवर झालेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासात पृथ्वी पाण्यावर आधारलेली आहे, असेही उत्तर मिळाले. परीक्षेत ही सारी मुले ‘पृथ्वी गोल आहे’ असे लिहून पूर्ण गुण मिळवू शकतात. त्यांना काय वाटते हे त्यांच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही.

येथे भाषेचा संबंध येतो, आणि मराठी माध्यमाच्या या शाळेला तो विशेष जवळचा आहे. निकाराग्वा या देशात १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बहिरी मुले घरोघर एकाकी वाढत. मानाग्वा येथे त्यांच्यासाठी शाळा उघडल्या, मुले एकत्र आली आणि त्यांनी आपसात एक नवी खुणांची भाषा घडवली. पहिल्या पिढीच्या भाषेत ‘विचार करणे’, ‘माहीत असणे’ अशा मनोव्यापारांसाठी खुणा कमी होत्या. पुढच्या पिढीने त्या वाढवल्या. पहिल्या पिढीची माणसे मोठी झाल्यावरही चुकीच्या समजुतीच्या कसोटीत अडखळत होती. पुढे काही वर्षांत धाकट्यांच्या सहवासात ती मनाचे शब्द शिकली आणि त्यांची उत्तरे सुधारली. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्याचे मन कळण्यासाठी त्या मनाविषयी बोलण्याचे शब्द लागतात, असे त्यातून दिसते. आणि ते शब्द मुलांना एकमेकांच्या सहवासात, शाळेत मिळाले.

मराठीजवळ हे शब्द विपुल आहेत. मत, समज, गैरसमज, समजूत, ग्रह, पूर्वग्रह, धारणा, कल्पना, खात्री, भरवसा, विश्वास, श्रद्धा, अंदाज, शंका. यांतला प्रत्येक शब्द निराळी छटा दाखवतो. ‘मी मानतो’ म्हणणारा कर्ता असतो. ‘मला वाटते’ म्हणणाऱ्याच्या मनात ते वाटणे आपोआप आलेले असते. मुलांची बहुतेक मते अशी आपोआप आलेली असतात, म्हणून त्यांना दोष देण्याआधी ती कोठून आली हे पाहावे, असे जणू मराठीचे व्याकरणच सुचवते. ‘दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात’ या म्हणीत एका अनुभवावरून सार्वत्रिक समजूत कशी होते याचा सिद्धान्त आहे. ‘चोराच्या मनात चांदणे’ या म्हणीत भीती दृष्टीला कसा रंग देते याचा सिद्धान्त आहे. आणि सर्वांत अर्थपूर्ण शब्दप्रयोग म्हणजे ‘समजूत काढणे’. रडणाऱ्या मुलाला जवळ घेऊन शांत करणे आणि त्याची समज बदलणे, या दोन्हींसाठी मराठीत एकच शब्द आहे. मायेवाचून समज बदलत नाही आणि समज बदलल्यावाचून रडे खरे थांबत नाही, हे ही भाषा घडवणाऱ्यांना उमगले असावे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी मुलाला आणखी एक लाभ होतो. घरात मराठी, बाजारात दुसरी भाषा, वर्गात तिसरीची जोड. कोणाशी काय बोलले तर कळेल, याचा हिशेब त्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनच ठेवावा लागतो. म्हणजे कोणाला काय माहीत आहे, याचा सराव त्याला रोज घडतो. २००९ साली आग्नेस कोवाच या संशोधिकेने रुमानियन आणि हंगेरियन या दोन भाषांत वाढणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांची तपासणी केली, तेव्हा चुकीच्या समजुतीच्या कसोटीत ती एकभाषिक मुलांपेक्षा सरस ठरली. द्विभाषिकतेच्या फायद्यांविषयी संशोधकांत एकमत नाही, त्यामुळे यावरून मोठे दावे करू नयेत. तरी परमुलखात घरची भाषा जपल्याने मुलाच्या बुद्धीवर ओझे पडते, ही भीती पालकांनी नक्कीच सोडावी.

आता या साऱ्याचे सार. अलीकडे घराघरांत मेंदूची भाषा ऐकू येऊ लागली आहे. “त्याच्या डोक्यातलं डोपामिन...”, “तिचा मेंदूच तसा आहे”, “त्याचं गणिताचं डोकंच नाही.” यांतले काही शास्त्रीय आहे, काही ऐकीव आहे. धोका शास्त्राचा नाही. या वाक्यांनंतर मुलाला विचारण्यासारखे काही उरत नाही, हा धोका आहे. माणसाच्या ठिकाणी बदल घडवण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. औषध देता येते, सवय लावता येते, धाक दाखवता येतो, आमिष दाखवता येते. पण कारण सांगून जी बदलता येते, अशी माणसाजवळ समजूत ही एकच गोष्ट आहे. तिचे अस्तित्व नाकारले की मुलाशी बोलण्याचे प्रयोजन संपते. उरते ते केवळ त्याला हाताळणे. शिक्षण आणि कवायत यांच्यातील सीमारेषा येथे आहे.

ज्या मुलाला “तुला तसं का वाटलं?” असे कधीच कोणी विचारलेले नसते, त्याची हळूहळू अशी समजूत होते की त्याच्या वाटण्याला काही किंमत नाही. ही समजूत सर्वांत घातक असते, कारण ती पुढे कोणत्याही चाचणीत पकडली जात नाही. ते मूल उत्तरे पाठ करते, गुण मिळवते, आज्ञाधारक म्हणून नावाजले जाते, आणि विचारलेच तर “सर म्हणाले म्हणून” एवढेच सांगते. याउलट ज्याला कारण विचारले गेले, त्याला एक दिवस स्वतःचेच कारण लंगडे असल्याचे दिसते आणि ते स्वतःहून दुरुस्त करते. कोणी पाहत नसतानाही ते विचार करू शकते.

म्हणून पालकांकडून एक लहानशी अपेक्षा आहे. संध्याकाळी वही उघडताना “किती मार्क मिळाले?” या प्रश्नाच्या शेजारी आणखी एका प्रश्नाला जागा द्यावी: “हे असं का लिहिलंस?” तो दरडावणीच्या सुरात विचारला तर त्याचा अर्थ “हे असं का चुकवलंस?” असा होतो आणि मूल गप्प बसते. तो उत्सुकतेने विचारला तर मूल बोलू लागते. उत्तर लगेच दुरुस्त करण्याची घाई करू नये. आणि उत्तर मिळालेच नाही, मूल पुन्हा पुन्हा तेथेच अडखळत राहिले, तर त्यावर इच्छेचा आरोप न करता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

माजी विद्यार्थी आज निरनिराळ्या क्षेत्रांत आहेत. कोणी रुग्णाला तपासतात, कोणी यंत्रे चालवतात, कोणी हिशेब पाहतात, कोणी आजी-आजोबा होऊन नातवंडांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. त्या प्रत्येकाच्या कामात समोरच्या माणसाला काय वाटते हे ओळखण्याचा भाग आहे, आणि त्याची पहिली तालीम एखाद्या बालवर्गात, डबा आणि पेन्सिल यांवरून झालेल्या भांडणात झालेली आहे. समजुती मेंदूत सापडतात की नाही, याचा निवाडा शास्त्रज्ञ यथावकाश करतील. तोवर मुले रोज सकाळी शाळेत येत राहतील आणि प्रत्येकाला काही ना काही वाटत असेल. ते काय आहे हे विचारणे आणि उत्तर पूर्ण ऐकून घेणे, हे शाळेचे पहिले काम आहे. पुढील साठ वर्षांतही या वास्तूत ते काम अखंड चालावे, ही सदिच्छा.